राजांचे खोरे : थडग्यांचे उत्खनन व वास्तुनोंदणी

ईजिप्तमधील प्राचीन थीब्ज (सध्याचे लक्सॉर) नगरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावरील निर्जल डोंगरांत असलेले राजघराण्याचे दफनक्षेत्र. अरबी भाषेत त्यास ‘वादी अल्-मुलूक’ (राजांचे खोरे) व ‘बिबान अल्-मुलूक’ (राजांची द्वारे) अशी नावे आहेत. इ. स. पू. सु. १५०० ते १०७० या काळात अठराव्या, एकोणिसाव्या व विसाव्या राजवंशांतील बहुतेक राजांसाठी येथील डोंगर कोरून थडगी तयार करण्यात आली. आतापर्यंत या क्षेत्रातील ६५ खोदकामांना क्रमांक मिळाले असून त्यांपैकी वीसहून थोडी अधिक थडगी प्रत्यक्ष राजांची आहेत. उरलेल्यांत राजपुत्र, राण्या, मानकरी यांची थडगी, काही अर्धवट सोडलेली कामे आणि काही निव्वळ खड्डे येतात. क्र. ५ मध्ये १२० हून अधिक दालने व मार्गिका आहेत, तर क्र. ५४ म्हणजे तूतांखामेनच्या अंत्यविधीतील उरलेले साहित्य पुरलेला एक खड्डा आहे. क्रमांकावरून वास्तूची कल्पना येत नाही ती यामुळे.

या खोऱ्याची ख्याती तेथे सापडलेल्या सोन्यामुळे झाली. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेथील खडकात कोरलेल्या पोकळ्या अधिक मोलाच्या आहेत. चोरांनी वस्तू नेल्या, पुरोहितांनी ममी हलविल्या, संग्रहालयांनी शिल्पपट कापून नेले. परंतु थडग्याचा तलविन्यास, मार्गिकांचा उतार, दालनांची उंची, छिन्नीच्या खुणा आणि आत साचलेल्या गाळाचे थर जागेवर राहिले. हे साधन असे आहे, की ते उकरताना त्यातील काही भाग नष्ट होतो आणि नुसते मोकळे करून ठेवले, तरी पाणी व खडक मिळून उरलेले नष्ट करतात. मोजणी झाली नसेल, तर नंतर ती करता येत नाही. या खोऱ्यात खोदाई आधी झाली आणि मोजणी बऱ्याच ठिकाणी शंभर वर्षांनी, तर काही ठिकाणी त्याहूनही उशिरा सुरू झाली.

स्थान व खडक : खोऱ्याच्या माथ्यावर ‘अल्-कुर्न’ (शिंग) नावाचे पिरॅमिडसारख्या आकाराचे नैसर्गिक शिखर आहे. पिरॅमिड बांधण्याची प्रथा राजांनी सोडल्यानंतर हीच जागा का निवडली, याचे एक कारण हे शिखर असावे, असे बहुतेक विद्वान मानतात. दुसरे कारण गुप्ततेचे होते. पहिला तुथमोस याचा वास्तुप्रमुख इनेनी याने आपल्या थडग्यातील लेखात राजाच्या शैलगृहाचे खोदकाम कोणाच्या नजरेस पडू न देता केल्याचे अभिमानाने नमूद केले आहे. खोऱ्याचे पूर्व व पश्चिम असे दोन फाटे असून बहुतेक थडगी पूर्वेकडील फाट्यात आहेत.

येथील खडक मुख्यतः चुनखडक आहे. अजिंठा-वेरूळ येथील बेसाल्टच्या मानाने तो पुष्कळच मऊ असल्याने तांब्याच्या व काशाच्या छिन्न्यांनी कोरता येतो. मात्र त्यात जागोजागी चकमकीच्या दगडाचे कठीण गोळे आढळतात आणि त्याच्या खाली शेल या मृण्मय खडकाचा थर आहे. शेल ओला झाला की फुगतो, वाळला की आक्रसतो. खूप खोल गेलेल्या थडग्यांची शेवटची दालने या थरात किंवा त्याच्या लगत येतात. तेथे पाणी पोहोचले, की खालून जमीन उचलली जाते, खांब चिरडतात आणि छत खाली येते. खोऱ्यातील थडग्यांच्या ऱ्हासाचा मोठा भाग या एका गुणधर्माने समजतो.

कारागिरांच्या नोंदी : थडगी खोदणारे कारागीर जवळच्या देर अल्-मदीना या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. गलबतावरील खलाशांप्रमाणे त्यांच्या तुकडीचे ‘डावी’ आणि ‘उजवी’ असे दोन भाग असत व प्रत्येकावर एक नायक असे. छिन्न्या वजन करून दिल्या जात आणि झिजल्यावर वजन करूनच परत घेतल्या जात. अंधारात जळणाऱ्या दिव्यांच्या वातींचाही हिशेब लेखनिक ठेवी. चुनखडकाच्या कपच्यांवर व खापरांवर लिहिलेले असे हजारो टिपण-तुकडे सापडले असून कोण कोणत्या दिवशी कामावर नव्हता व का नव्हता, इतका तपशील त्यांत मिळतो. तिसरा रॅमसीझ याच्या २९ व्या वर्षी धान्य थकल्यामुळे या कारागिरांनी काम बंद ठेवले. लेखी पुराव्याने ज्ञात असलेल्या संपांत तो सर्वांत जुना मानला जातो.

याच लेखनिकांनी थडग्यांचे आराखडेही काढले होते. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा आराखडा इटलीतील तूरिन येथील संग्रहालयात एका पपायरसावर आहे. तो चौथा रॅमसीझ याच्या थडग्याचा (क्र. २) असून त्याचा काही भाग फाटून गेला आहे. भोवतालचा डोंगर ठिपक्यांनी दाखविला आहे. दारे मात्र तलविन्यासातच उभी, म्हणजे समोरून दिसतात तशी रेखाटली आहेत. आराखडा प्रमाणबद्ध नाही. प्रत्येक भागाची लांबी, रुंदी व उंची हातांत लिहून दिली आहे. ईजिप्शियन ‘हात’ (मेह) सु. ५२.५ सेंमी. भरतो, त्याचे ७ मुठी व २८ अंगुळे असे भाग पडत. आधुनिक मोजणीशी हे आकडे बरेचसे जुळतात. भागांची नावेही तेथे दिली आहेत : सूर्याच्या वाटेची मार्गिका, द्वारपालांच्या विसाव्याची जागा, रथाचे दालन आणि राजाला ठेवावयाचे ‘सोन्याचे घर’. आज आपण ज्यांना ‘मार्गिका क’ किंवा ‘दालन च’ म्हणतो, त्यांचा मूळ अर्थ या एका कागदामुळे कळला.

या आराखड्याच्या संदर्भात घडलेली एक गोष्ट नोंदणीचे मोल दाखविते. त्यात दगडी शवपेटीभोवती एकात एक अशा अनेक चौकटी काढलेल्या आहेत. हॉवर्ड कार्टर व ॲलन गार्डिनर यांनी १९१७ मध्ये या आराखड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९२२ मध्ये कार्टरलाच तूतांखामेनचे थडगे सापडले आणि त्यातील शवपेटीभोवती सोन्याचा पत्रा मढविलेली चार लाकडी देवघरे एकात एक बसविलेली निघाली. त्यांच्या मध्ये कापडी आच्छादनाचा सांगाडाही होता. पपायरसावरील चौकटी म्हणजे काय, याचा उलगडा असा प्रत्यक्ष जागेवर झाला.

तथापि संपूर्ण खोऱ्याचा नकाशा त्या कारागिरांजवळ होता, असे दिसत नाही. विसाव्या राजवंशाचा संस्थापक सेतनाख्त याचे थडगे (क्र. ११) खोदता खोदता कामगार शेजारच्या आमेनमेसे याच्या थडग्यात (क्र. १०) शिरले व काम थांबवावे लागले. सेतनाख्तने मग तौसेरत राणीचे तयार थडगे (क्र. १४) आपलेसे केले. पुढे तिसऱ्या रॅमसीझने क्र. ११ चे काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा मार्गिकेचा अक्ष बाजूला सरकवून पलीकडे न्यावा लागला. क्र. ९ चे खोदकामही असेच क्र. १२ ला जाऊन भिडले आहे. इतक्या काटेकोर हिशेबनिसांकडूनही पूर्वजांच्या कामाची नोंद हरवली होती.

वास्तुरचना : सर्व थडग्यांची मूळ कल्पना एकच आहे. सूर्यदेव रात्री पाताळातून प्रवास करतो व पहाटे पुन्हा जन्मतो. राजाचा मृत देह त्याच वाटेने जातो. म्हणून उतरत जाणारी मार्गिका, पायऱ्या, पुन्हा मार्गिका, मग एक खोल आड, त्यापुढे खांबांचे दालन आणि शेवटी दफनदालन असा क्रम येतो. आडाचा उपयोग धार्मिक होता की चोर व पाणी अडविण्यासाठी होता, याविषयी मतभेद आहेत. बहुधा तिन्ही हेतू असावेत.

या क्रमाची मांडणी मात्र बदलत गेली आणि हा बदल केवळ मोजणीतून स्पष्ट झाला. अठराव्या राजवंशाच्या पूर्वार्धातील थडगी कड्यातील अवघड कपारींत आहेत व त्यांचा अक्ष काटकोनात किंवा वळणाने वळतो. तिसरा तुथमोस याच्या थडग्याचे (क्र. ३४) दफनदालन राजनामाभोवतीच्या लंबगोल चौकटीच्या आकाराचे आहे. होरेमहेबच्या थडग्यात (क्र. ५७) अक्ष जवळजवळ सरळ होतो, पहिला सेती याच्या थडग्यात (क्र. १७) तो मधेच थोडा बाजूला सरकून समांतर पुढे जातो. दुसऱ्या रॅमसीझने पुन्हा जुनी वळणाची रचना स्वीकारली. त्याचे कारण निश्चित नाही. मेर्नेप्ताहपासून प्रवेशद्वारापासून शवपेटीपर्यंत एकच सरळ रेषा येते, उतार कमी होतो, मार्गिका रुंद व उंच होतात आणि द्वार लपविण्याऐवजी दर्शनी केले जाते. विसाव्या राजवंशातील शेवटच्या थडग्यांमध्ये उतार इतका सौम्य आहे, की प्रवाशास आपण खाली जात आहोत हे जाणवतही नाही. गुप्ततेवरचा भर सरला आणि भव्यतेवरचा वाढला, असा त्याचा अर्थ लावता येतो.

अपुऱ्या राहिलेल्या थडग्यांत बांधकामाच्या पायऱ्या दिसतात. होरेमहेबच्या दफनदालनात एका भिंतीवर तांबड्या रेषांचे पहिले रेखाटन, त्यावर काळ्या रेषांनी केलेली दुरुस्ती आणि शेजारीच पूर्ण कोरलेले उत्थित शिल्प पाहावयास मिळते. पहिला सेती याच्या थडग्यात दफनदालनाच्याही खाली एक अरुंद बोगदा उतरत जातो. त्याचा शेवट गाठण्याचा प्रयत्न १९६०-६१ मध्ये स्थानिक रहिवाशांपैकी शेख अली अब्द अल्-रसूल याने केला व तो सु. १३६ मी. पर्यंत पोहोचला. २००७ ते २०१० या काळात ईजिप्शियन पथकाने राहिलेले काम पुरे केले, तेव्हा १७४ मी. वर बोगदा अर्धवट सोडलेला आढळला. दाराची बाजू उंच घ्यावी व वाट रुंद करावी, अशा आशयाची मुकादमाची सूचना तेथे लिहिलेली आहे. ती अंमलात आली नाही. राजा आधीच वारला असावा.

प्रारंभीचे उत्खनक : खोऱ्यात परके पाहुणे फार जुन्या काळापासून येत होते. भिंतींवर ग्रीक व लॅटिन भाषांत खरडलेली दोन हजारांहून अधिक नावे व वाक्ये त्याची साक्ष देतात. डायोडोरस व स्ट्रेबो या लेखकांनी येथील थडग्यांची संख्या चाळीसच्या घरात दिली आहे. तीही नोंदच होय, जरी ती ऐकीव असली. रिचर्ड पोकॉक या इंग्रज पाद्र्याने १७४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात खोऱ्याचा नकाशा व काही थडग्यांचे विन्यास दिले. नेपोलियनच्या स्वारीबरोबर आलेल्या झॉल्वा व देव्हिल्ये या दोन तरुण अभियंत्यांनी १७९९ मध्ये पश्चिम फाट्यातील तिसरा आमेनहोतेप याचे थडगे (क्र. २२) शोधून त्याची मोजमापे घेतली. १८२७ मध्ये जॉन गार्डनर विल्किन्सन याने उघड्या असलेल्या २१ थडग्यांच्या दारांवर रंगाने क्रमांक घातले. हा उपक्रम वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु आजचा प्रत्येक अहवाल त्याच्याच क्रमांकपद्धतीने लिहिला जातो.

या मोजमाप करणाऱ्यांच्या तुलनेत खोदणाऱ्यांची वाट वेगळी होती. जोव्हान्नी बेल्झोनी या धिप्पाड इटालियन साहसी पुरुषाने ऑक्टोबर १८१७ मध्ये पहिला सेती याचे थडगे शोधले. पश्चिम फाट्यातील क्र. २५ चे बंद द्वार तर त्याने ओंडक्याचा धक्का देऊन फोडले होते. सेतीच्या भिंतीवरील शिल्पांचे मेणाचे ठसे घेताना मूळ रंग उपटले गेले आणि उत्खननानंतर थोड्याच काळात पावसाचे पाणी आत शिरून भिंतींची हानी झाल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. १८२१ मध्ये लंडनमध्ये त्याने थडग्याच्या प्रतिकृतीचे प्रदर्शन भरविले. अलाबास्टरची शवपेटी आज तेथीलच सर जॉन सोन संग्रहालयात आहे. बेल्झोनीस सर्रास दोष देण्याची प्रथा आहे, ती पूर्णतः न्याय्य नाही. त्याने व त्याचा सहकारी आलेस्सांद्रो रिच्ची याने केलेल्या चित्रांमुळेच नंतर नष्ट झालेल्या कित्येक दृश्यांची माहिती मिळते. चित्रलिपीचा उलगडा करणारा शांपोल्याँ व त्याचा सहकारी रोझेल्लीनी हे विद्वान होते. तरीही १८२९ मध्ये त्यांनी याच थडग्यातील दोन शिल्पपट कापून पॅरिस व फ्लॉरेन्सला नेले.

सर्वांत खेदजनक प्रकरणे मात्र पुढची आहेत, कारण तेव्हा पुरातत्त्वाची शिस्त माहीत झाली होती. १८८१ मध्ये खोऱ्याच्या पलीकडे देर अल्-बहरी येथे राजांच्या ममी एकत्र लपविलेली गुहा सापडली. स्थानिक लोक लूट करतील या भीतीने एमिल ब्रुग्श याने सु. दोन दिवसांत ती रिकामी केली. कोणती शवपेटी कोठे होती याचा आराखडा वा छायाचित्र त्या वेळी घेतले गेले नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी, १९९८ पासून, जर्मन विद्वानांनी ती गुहा पुन्हा तपासून जे हाती लागेल ते गोळा केले. याउलट व्हिक्तॉर लॉरे याने १८९८ मध्ये दुसरा आमेनहोतेप याचे थडगे (क्र. ३५) उघडले, तेव्हा जमिनीचे चौकोन पाडून वस्तूंच्या जागा लिहून ठेवल्या. ते काम त्या काळाच्या मानाने नमुनेदार होते. पण त्याच्या वह्या अप्रकाशित राहिल्या व शंभर वर्षांनी, २००४ मध्ये, मिलान विद्यापीठातील कागदपत्रांतून त्या प्रसिद्ध झाल्या. दरम्यानच्या काळात त्या थडग्याविषयी लिहिणारे अभ्यासक त्याच्या त्रोटक अहवालावरच विसंबून होते.

क्र. ५५ चे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकन धनिक थिओडोर डेव्हिस याच्या खर्चाने १९०७ मध्ये उघडलेल्या या लहानशा थडग्यात तीये राणीसाठी केलेल्या सोनेरी देवघराचे पट, चेहरा उपटलेली शवपेटी व एक देह होता. छताच्या भेगेतून पाणी ठिबकत राहिल्याने सर्व वस्तू जीर्ण झाल्या होत्या. मोकळ्या हवेत सोन्याचा मुलामा भुगा होऊन पडू लागला. छायाचित्रे मोजकी घेतली गेली, वस्तूंच्या जागांची पद्धतशीर नोंद झाली नाही आणि उपस्थितांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत. देह कोणाचा, यावर त्यानंतर एक शतकभर वाद झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीनुसार तो तूतांखामेनच्या पित्याचा आहे व बहुधा आखेनातेनचा असावा. परंतु मृत्युसमयीच्या वयाचा प्रश्न सुटलेला नाही. देहाभोवतीच्या वस्तू कोणत्या क्रमाने आत गेल्या हे ठरविण्यासाठी अभ्यासकांना जुनी छायाचित्रे समोर ठेवून, आरामखुर्चीत बसून ते उत्खनन पुन्हा करावे लागले. डेव्हिसने १९१२ मध्ये खोरे आता संपले असे मत मांडले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

कार्टर व तूतांखामेनचे थडगे : हॉवर्ड कार्टर हा मुळात रेखाटनकार होता व या पार्श्वभूमीचा त्याच्या कामावर ठसा दिसतो. १९०३-०४ मध्ये त्याने हातशेपसूत राणीचे थडगे (क्र. २०) मोकळे केले. सु. २१० मी. लांबीची ती वळत जाणारी मार्गिका पुराच्या गाळाने भरून दगडासारखी घट्ट झाली होती. आत उष्णता इतकी की मेणबत्त्या वितळत. हवा खेळती ठेवण्यासाठी पंप बसवावा लागला. १९१७ पासून लॉर्ड कार्नार्व्हनच्या खर्चाने त्याने दुसरा रॅमसीझ, मेर्नेप्ताह व सहावा रॅमसीझ यांच्या थडग्यांमधील त्रिकोणी क्षेत्र मूळ खडकापर्यंत साफ करण्याचे ठरविले. सहाव्या रॅमसीझच्या कामगारांच्या झोपड्यांखाली ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी लागली.

तेथील पाच हजारांहून अधिक वस्तूंविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे पद्धतीचाच विचार प्रस्तुत होय. प्रत्येक वस्तूस क्रमांक देऊन, क्रमांकाची चिठ्ठी ठेवून हॅरी बर्टन याने छायाचित्र घेतले. वॉल्टर हाउझर व लिंडस्ली हॉल यांनी पहिल्या दालनातील वस्तूंचे प्रमाणबद्ध विन्यास काढले. आर्थर मेस व रसायनज्ञ आल्फ्रेड ल्यूकस यांनी जतनाची बाजू सांभाळली. दुसरा सेती याचे थडगे प्रयोगशाळा म्हणून, तर क्र. ५५ छायाचित्रे धुण्याची काळोखी खोली म्हणून वापरले गेले. ज्या थडग्याचीच धड छायाचित्रे कधी घेतली गेली नव्हती, त्याचा हा उपयोग काहीसा विचित्र वाटतो. काम दहा वर्षे, १९३२ पर्यंत, चालले.

या संथपणाचे फळ वास्तूच्या अभ्यासासही मिळाले. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या, दाराच्या बाजू व उत्तरपट्टी तोडून पुन्हा दगड व गिलाव्याने भरल्या आहेत, हे कार्टरच्या ध्यानात आले. देवघरांचे मोठे भाग आत नेता येईनात, म्हणून ही तोडफोड केली होती. देवघरांच्या फळ्यांवर दिशा लिहिलेल्या असूनही घाईत ती उलटी जोडली गेली व त्यांची दारे पश्चिमेऐवजी पूर्वेकडे आली. अकाली मेलेल्या राजासाठी दुसऱ्याकरिता खोदलेली लहान जागा घाईने वापरली, हा निष्कर्ष या खुणांवर उभा आहे; सोन्याच्या मुखवट्यावरून तो काढता आला नसता. कार्टर १९३९ मध्ये वारला आणि संपूर्ण शास्त्रीय अहवाल लिहून झाला नाही. त्याची कार्डे, रेखाटने व बर्टनची छायाचित्रे ऑक्सफर्ड येथील ग्रिफिथ संस्थेत जतन झाली असून ती सर्वांना खुली करण्यात आली आहेत. नोंद चांगली असेल, तर अहवाल दुसऱ्यालाही लिहिता येतो.

संपूर्ण खोऱ्याची मोजणी : इतके होऊनही १९७० च्या दशकापर्यंत सर्व थडग्यांचे एकाच पद्धतीने केलेले विन्यास उपलब्ध नव्हते. जुने आराखडे वेगवेगळ्या प्रमाणांचे होते. काहींत चौकोन दाखविलेले दालन प्रत्यक्षात तिरपे होते. केंट वीक्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९७८ मध्ये थीब्ज नकाशा प्रकल्प सुरू केला. डोंगरावर स्थिर मापनबिंदू रोवून, उष्ण हवेच्या फुग्यातून छायाचित्रे घेऊन आणि प्रत्येक दालनाचे कोपरे, उंबरे, कोनाडे थिओडोलाइटने मोजून विन्यास व उभे छेद काढण्यात आले. त्यातून खोऱ्याचा नकाशासंग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला. थडगी डोंगराच्या पोटात परस्परांच्या किती जवळून जातात, हे यामुळे प्रथमच नेमके दिसले.

या प्रकल्पाचे सर्वांत मोठे यश कंटाळवाण्या वाटणाऱ्या एका कामातून आले. खोऱ्याच्या प्रवेशाजवळ बसगाड्यांसाठी रस्ता रुंद करावयाचा होता. तेथे एखादे विस्मृत थडगे आहे काय, हे आधी पाहणे आवश्यक होते. जेम्स बर्टन याने १८२५ मध्ये क्र. ५ मध्ये सरपटत जाऊन पहिल्या काही दालनांचे रेखाटन केले होते. कार्टरने १९०२ मध्ये त्याचे दार पाहून ते बिनमहत्त्वाचे ठरविले व पुढे त्यावर आपल्या उत्खननातील मलबा टाकला. १९८७ मध्ये वीक्सच्या पथकाने ते दार पुन्हा शोधले. काही वर्षे गाळ काढल्यावर २ फेब्रुवारी १९९५ रोजी सोळा खांबांच्या दालनामागील दारापलीकडे लांब मार्गिका, दोन्ही बाजूंस रांगेने खोल्या आणि टोकास ओसायरिस देवाची मूर्ती दिसली. दुसऱ्या रॅमसीझच्या पुत्रांसाठी खोदलेले हे सामुदायिक थडगे ठरले. ईजिप्तमध्ये अशी दुसरी रचना ज्ञात नाही. गाळ काँक्रीटसारखा घट्ट असल्यामुळे तो खुरप्यांनी व लहान छिन्न्यांनी काढावा लागला. मोकळ्या झालेल्या दालनांत छताला पोलादी टेकू द्यावे लागले. रस्त्याखालील गाड्यांच्या हादऱ्यांनी आणि विश्रामगृहाच्या गळक्या नळामुळे पुढची दालने आधीच खिळखिळी झाली होती. रस्त्याचे काम आधी झाले असते, तर काय हरवले याचीही कोणास कल्पना आली नसती.

पाणी, माणूस व नवी साधने : या वाळवंटी प्रदेशात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा डोंगरावरून लोंढे येतात. दुसऱ्या रॅमसीझचे थडगे (क्र. ७) ८०० चौ.मी. हून मोठे व एके काळी सेतीच्या थडग्यास तोडीस तोड असावे. वारंवारच्या पुरांनी त्याची बरीचशी चित्रे धुऊन नेली व खालची दालने फुगलेल्या शेलने मोडली. १९९३ पासून फ्रेंच पथकाने ते हळूहळू मोकळे केले. १९९४ च्या वादळी पावसात पुन्हा अनेक थडग्यांत पाणी शिरले. गाळाने भरलेले थडगे त्या मानाने सुरक्षित असते. तो काढला की ओलावा-उष्णतेचा समतोल बिघडतो. म्हणून प्रत्येक थडगे रिकामे करावेच, हा जुना आग्रह आता तज्ज्ञांना मान्य नाही. दररोज येणाऱ्या प्रवाशांच्या श्वासातून व घामातून भिंतींवर साठणारा ओलावा हीही एक चिंतेची बाब झाली आहे.

लेसर किरणांच्या साहाय्याने भिंतींचे सूक्ष्म क्रमवीक्षण हे अलीकडचे साधन होय. २००९ मध्ये तूतांखामेनच्या दफनदालनाची अशी नोंद घेण्यात आली व तीवरून तयार केलेली हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये कार्टरच्या जुन्या घराजवळ उभारली गेली. याच नोंदीतील भिंतीच्या बारीक उंचसखल खुणांवरून निकोलस रीव्ह्‌ज याने २०१५ मध्ये पलीकडे लपलेली दालने असल्याचा तर्क मांडला. रडारने केलेल्या पहिल्या तपासण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. २०१८ मधील तूरिनच्या तंत्रज्ञांच्या तपासणीत पोकळीचा पुरावा मिळाला नाही. वाद गाजला, परंतु या सर्व काळात भिंतीस एकही छिद्र पाडले गेले नाही. शंभर वर्षांपूर्वी असा तर्क निघता, तर भिंत फोडूनच त्याचा निकाल लावला गेला असता.

नवे शोधही चालू आहेत. २००६ मध्ये उघडलेल्या क्र. ६३ मध्ये शवपेट्यांत ममीकरणाचे साहित्य भरलेले निघाले. बाझेल विद्यापीठाच्या पथकास २०१२ मध्ये क्र. ६४ मध्ये आमेन देवाच्या एका गायिकेची अखंड शवपेटी मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा तुथमोस याचे थडगे ओळखल्याचे जाहीर झाले. ते मुख्य खोऱ्यात नसून त्याच्या पश्चिमेकडील दऱ्यांत आहे व त्याचे प्रवेशद्वार ब्रिटिश-ईजिप्शियन पथकास २०२२ मध्येच सापडले होते. जागा पाहता ते एखाद्या राणीचे असावे असा प्रथम समज झाला. आतील मार्गिका गाळाने भरलेली, छत ढासळलेले व दालने रिकामी होती. दफनानंतर थोड्याच काळात पाणी शिरल्यामुळे आतील सामान प्राचीन काळीच दुसरीकडे हलविले गेले असावे. ढिगाऱ्यातून निवडलेल्या छताच्या गिलाव्याच्या तुकड्यांवर निळ्या पृष्ठभागी पिवळे तारे होते आणि अशी छते राजाच्या थडग्यांत असतात. अलाबास्टरच्या पात्रांच्या तुकड्यांवर तुथमोसचे व त्याची राणी हातशेपसूत हिचे नाव वाचता आले, तेव्हा ओळख पक्की झाली.